ठाण्यात इतिहास मंडळाचे हिवाळी कार्यक्रम: फेरी, मोडी वर्ग, जुन्या कागदांचं प्रदर्शन

कोलशेतकर
नमस्कार. आमच्या वसाहतीत २५-३० जणांचं इतिहास मंडळ आहे. नोव्हेंबर ते जानेवारी तीन कार्यक्रम ठरवतोय: ठाण्यात एक पायी फेरी, मोडी वाचनाचा दोन दिवसांचा वर्ग आणि सभासदांच्या घरातल्या जुन्या कागदांचं प्रदर्शन (सोसायटीच्या हॉलमध्ये). दोन दिवसांत मोडी होते का? प्रदर्शनात मूळ कागद मांडावेत का? पैसे जेमतेम आहेत.

चरईचा वाटाड्या
फेरी १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात बसवा. रविवारी सकाळी ७ ला मासुंदा तलावावर जमायचं. कौपिनेश्वर मंदिर, तलावाजवळचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, मग किल्ला. जांभळी नाक्याचा बाजार भरायच्या आत तो भाग उरकायला हवा. माणसं २५ च्या वर नकोत, मागच्यांना ऐकू येत नाही. किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, त्यामुळे तो बाहेरूनच सांगायचा आणि मोबाईल खिशात ठेवायला आधीच बजावायचं. तिथे सांगण्यासारखं एक: १७८७ साली या किल्ल्याच्या खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला. चर्चमध्ये रविवारी प्रार्थना असते. आत जायचं तर वेळ आधी विचारून घ्या.

मोडीवाचक
दोन दिवसांत बाराखडी होते, वाचन होत नाही. किमान २० तास धरा. आणि छापील तक्त्यावरून शिकवू नका. मोडीचा फॉन्ट घोटलेल्या माणसाला हाताने लिहिलेला कागद समोर आला की एक ओळ लागत नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात, हात न उचलता लिहितात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. नवशिक्याची गाडी अडते ती शब्द कुठे तोडायचा यावर. म्हणून पहिल्या दिवसापासून खऱ्या कागदाची झेरॉक्स द्या, दीडपट मोठी करून. सुरुवात आंग्लकाळातल्या खरेदीखतांनी करा. घरोघरी तीच सापडतात आणि मजकूर ठरीव असतो. पेशवेकालीन पत्रं नंतर. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे, अशा संक्षेपांची एक पट्टी वहीत चिकटवून ठेवा.

तारखांना स्वतंत्र दोन तास द्या, खरी मजा तिथे आहे. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरलेली एक कालगणना, अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी. 'सबा सलासीन मया व अलफ' म्हणजे ७ + ३० + १०० + १००० = ११३७. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, त्यामुळे इ.स. काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मराठ्यांनी ठाणं घेतलं ते मार्च १७३७ मध्ये, म्हणजे याच सनात. सरसकट ६०० मिळवले की पावसाळ्यातली पत्रं एक वर्ष पुढे सरकतात. ही चूक छापील पुस्तकांतही भेटते. 'छ' दिसला की पुढचा आकडा चांद्र तारखेचा: छ ५ जिल्काद (जिल्काद हा मुसलमानी महिना).

कोलशेतकर
२० तास म्हणजे रोज दोन तास धरले तरी दहा दिवस; सलग तेवढे दिवस कोणी येणार नाही. पाच रविवार, चार-चार तास केले तर?

मोडीवाचक
चालेल, पण मधल्या सहा दिवसांत विसर पडतो. रोज एक ओळ ग्रुपवर टाका, उत्तर रात्री. बोरूची लेखणी पहिल्याच दिवशी द्या, तिरकी कापलेली. वळण हाताला कळलं की डोळ्याला कळतं.

नेरूळचा दप्तरी
प्रदर्शनाबद्दल. मूळ कागद एक किंवा दोन, बाकी सगळ्या रंगीत प्रती, मूळ मापाच्या. प्रत्येकीखाली ओळीला ओळ बालबोध (देवनागरी) लिप्यंतर हवं, नाहीतर लोक नुसते पुढे सरकतात. स्कॅन ४०० डीपीआयला. कागदाचा लांब बंद (पट्टी) असेल तर भागाभागांनी, दोन भागांत दोन-तीन सेंटिमीटर सामायिक ठेवून, म्हणजे जोडता येतं.

मूळ कागदावर पाणी किंवा ओलं फडकं अजिबात नको. जुनी शाई काजळी आणि डिंकाची. ती उन्हाने फिकी पडत नाही, पण ओलीने पसरते. घड्या इस्त्रीने मोडू नका: दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, दोन दिवस. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल वर्ज्य. लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं आणि पुन्हा काढता येत नाही, कागद कायमचा गेला. क्रमांक द्यायचा तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने. पाकीट पॉलिएस्टरचं घ्या. स्वस्तातलं पीव्हीसीचं कालांतराने चिकट होतं. मूळ कागदावर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, म्हणजे खिडकीचे पडदे ओढलेले आणि वरचा हॅलोजन बंद.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र कागद परत देताना होतात. घेतानाच पोचपावती करा, दोन प्रतींत: मालकाचं नाव, पानं किती, कुठे फाटलंय, परत कधी. पावती करतानाच त्या स्थितीचा फोटो काढून ठेवा. वाटणीपत्र किंवा जमिनीचा कागद असेल तर मांडण्याची लेखी संमती घ्या, आणि घरातल्या एकाचीच पुरेल असं धरून चालू नका.