मेसिआँने आपले ताल चोरले म्हणे!

खर्ज
परवा 'पाश्चात्त्यांनी आपलं काय काय लुटलं' या यादीत कुणीतरी ओलिव्हिए मेसिआँचं नाव टाकलं. म्हणे या फ्रेंच संगीतकाराने शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या जुन्या संस्कृत ग्रंथातले १२० देशी ताल उचलले आणि स्वतःच्या नावावर खपवले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

चोर कधी मालकाचं नाव छापतो का? १९४४ मध्ये मेसिआँने आपल्या रचनातंत्रावर पुस्तक लिहिलं, त्यात शार्ङ्गदेवाचं नाव आहे. हे ताल त्याला लाव्हिन्याकच्या संगीतकोशातल्या भारतावरच्या लेखात सापडले. पुढे पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत बूलेझ, स्टॉकहाउझेन, झेनाकिस असे पुढे गाजलेले संगीतकार त्याच्या वर्गात बसले.

त्याचं 'काळाच्या अंतासाठी क्वार्टेट', म्हणजे चार वाद्यांची रचना, ऐका. हा युद्धकैदी होता, ग्योर्लिट्सच्या जर्मन छावणीत. तिथे १५ जानेवारी १९४१ ला, कडाक्याच्या थंडीत, व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानोवर हे पहिल्यांदा वाजलं. पहिल्या भागात पियानोत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून १७ कालमूल्यांची, म्हणजे स्वर किती वेळ टिकतो त्या मापांची, माळ केली आहे. वर २९ स्वरमेळांची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, दुसरी माळ. १७ आणि २९, दोन्ही मूळ संख्या. दोन्ही माळा पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ ठोके लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. ही चोरी नाही, हा अभ्यास आहे.

धिरधिर
चोरी नाही, मान्य. पण ताल तरी कुठे आहे? मी २२ वर्षं तबला शिकवतोय. ठेका म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, ते नाहीत; टाळी-खाली नाही; सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तीही नाही. कोशातून नुसती लघु-गुरूंची, म्हणजे छोट्या-मोठ्या कालमापांची, ओळ उचलली. उद्या मी बेटोफनचे चार स्वर घेऊन केहरव्यात बसवले, तर ती सिम्फनी होईल का?

खर्ज
ठेका शार्ङ्गदेवाच्या पोथीत तरी कुठे आहे? त्यातला तालावरचा अध्याय, तालाध्याय, उघडून बघा. लघु, गुरू, प्लुत, द्रुत आहेत. 'धा धिं धिं धा' नंतर आलं. तुमच्या २२ वर्षांत रागवर्धन किती जणांना शिकवलात?

धिरधिर
व्यक्तिगत होऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील पहिल्याच दिवशी परीक्षा कधी म्हणून विचारतात. त्रिताल, झपताल, एकताल आणि प्रमाणपत्र. रागवर्धन शिकवायला बसलो तर क्लास रिकामा होईल. हे तुम्हाला घरी बसून कळणार नाही.

देवगिरीकर
तुम्ही दोघं भांडताय, पण मूळ माणूस आपल्या मातीतला हे कुणी बोलतच नाही. संगीतरत्नाकर तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिला गेला. मी शिक्षिका आहे, दर वर्षी सहल घेऊन दौलताबादला जाते. मुलांना मेंढा तोफ पाठ असते. शार्ङ्गदेव विचारला की एकही हात वर येत नाही. पॅरिसच्या माणसाला माहीत आणि छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

अनुमंद्र
मातीतला कसला? त्याचे आजोबा काश्मीरहून आले, हे त्यानेच ग्रंथात लिहून ठेवलंय. ग्रंथ संस्कृतात. आणि कर्नाटकी संगीतवाले त्याला आपला म्हणतात, कारण या ग्रंथावरची कल्लिनाथाची टीका विजयनगरची.

देवगिरीकर
आजोबा कुठूनही येवोत. वडील यादवांच्या पदरी, तो स्वतः यादवांच्या पदरी, लेखणी चालली ती देवगिरीला. चार पिढ्या पुण्यात काढलेल्या माणसाला तुम्ही अजून कोकणातला म्हणता का?

अनुमंद्र
म्हणतो. तेही स्वतःला म्हणतात.

सिंधुभैरवी
मी सहा वर्षं पॅरिसला होते. ज्या त्रिनिते चर्चमध्ये मेसिआँ १९३१ पासून जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, ऑर्गन वाजवायचा, तिथे हे क्वार्टेट ऐकलं. त्याच महिन्यात माझे बाबा गेले होते आणि मला तिकीट मिळालं नव्हतं. पाचव्या भागात चेलो इतका संथ चालतो की पुढचा स्वर येईल की नाही याचीच धाकधूक. मी रडले. समेची आठवणही झाली नाही.

एक दुरुस्ती मात्र हवी. छावणीत चेलोला तीनच तारा होत्या, ५,००० कैदी ऐकत होते, हे पुढे मेसिआँच सांगायचा. चेलोवादक पास्किए शेवटपर्यंत म्हणत राहिला की तारा चार होत्या. आणि त्या बराकीत माणसं मावली ती काहीशेच.

धिरधिर
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं.

रात्री तो पहिला भाग तीनदा ऐकला, हातावर मोजत. १७ ची माळ फिरून फिरून येते, म्हणजे आवर्तन आहे, एवढं मी चुकलो. पण अंगठा समेवर टेकायला जातो आणि प्रत्येक वेळी स्वरमेळ वेगळाच. टेकायला जागाच मिळत नाही. कैद्याच्या मनात तेच असेल तर मी समजू शकतो. तरी याला ताल म्हणणार नाही.

खर्ज
मग छंद म्हणा. आणि ठेका, समेचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. लेखातून शिकणाऱ्याला गुरूच्या हातातलं वजन मिळत नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. चोर म्हणणाऱ्याने मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.

देवगिरीकर
अनुमंद्र, सिंघणाच्या दरबाराबद्दल तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत.