सायकलवरून हद्द ओलांडताना: सोबत्यांचे अनुभव

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग सायकलवाल्यांना आता नवा राहिलेला नाही. थंडी पडली की हर्णै-दाभोळच्या रस्त्याला पॅनिअर, म्हणजे बाजूला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या, लावलेल्या सायकली दिसतातच. पण रेडीच्या पुढे गोव्यात, किंवा त्याहून लांब, देशाची वेस ओलांडून मित्रांबरोबर गेलेली माणसंही आपल्या किनाऱ्यावर आहेत. त्यांनी लिहावं म्हणून हे बोलावणं. किलोमीटर आणि गिअर यांच्याबद्दल थोडक्यात लिहिलंत तरी चालेल. सोबत्यांबद्दल मात्र हात राखून लिहू नका. कोण मागे पडलं, कोण थांबलं, कुठे बिनसलं ते येऊ द्या. सुरुवात मी करतो.

गुहागर, शिक्षक

आम्ही पाच जण, डिसेंबरचा महिना, रेवस ते गोव्यातलं केरी. नकाशात किनारा सरळ दिसतो, पायांना तो तसा लागत नाही. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीत उतरायचं, पाणी ओलांडायचं, पुन्हा सड्यावर चढायचं. दिवसातून तीन-तीनदा हेच. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा चार ठिकाणी सायकली फेरीबोटीत चढवल्या.

आमच्यातला एक जण पंचविशीचा, चढावर उभा राहून पेडल मारणारा. एक साठीचा, नुकताच नोकरीतून निवृत्त झालेला. पहिल्या दिवशी दोघांत पाऊण तासाचं अंतर पडलं आणि मला काळजी वाटली. दिघीला जायच्या बोटीसाठी मात्र सगळे एकाच जेट्टीवर उभे. पुढच्याला पुढे जायला रस्ताच नव्हता. दाभोळला तर तो पोरगा दोन बोटी सोडून धक्क्यावर बसून राहिला, आणि काका आल्यावर त्यांची सायकल त्यानेच बोटीत चढवली. त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. खाडी आली की थांबायचं, हे ठरून गेलं.

रेडी सोडल्यावर रस्ता वर चढतो आणि तेरेखोलचा किल्ला येतो. गोवा इथेच सुरू होतो, पाणी ओलांडायच्या आधी. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेचा हा तुकडा गोव्यात. आम्ही हद्द कधी ओलांडली ते आम्हाला कळलं नाही. केरीच्या फेरीबोटीत चढलो तेव्हा काका म्हणाले, "आता आलं गोवा." आम्ही तासाभरापासून गोव्यातच होतो, पण कोणी त्यांना ते सांगितलं नाही.

आरोंदा, गृहिणी, वय सत्तरच्या पुढे

तुम्हाला हद्द कळली नाही हे वाचून बरं वाटलं. आमच्या घराने ती नको तेवढी पाहिली.

माझी आत्या तेरेखोल नदीपलीकडे, पेडण्यातल्या पालये गावात दिलेली. आरोंद्याहून किरणपाणीला होडीने किती वेळ लागणार? पण पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर आपल्या सरकारने हद्द बंद केली. आत्याचं माहेरपण थांबलं. तिला मुलगा झाल्याचं आमच्याकडे फार उशिरा कळलं, तेही नदीवर भेटलेल्या कोणाकडून तरी.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या उन्हाळ्यात बाबा आणि त्यांचे दोन मित्र सायकली घेऊन निघाले. मी सात वर्षांची, बाबांच्या सायकलच्या दांडीवर पंचा गुंडाळून बसवलेली. तिन्ही सायकली होडीत आडव्या घातल्या. कॅरिअरला फणस, तांदूळ आणि आजीने दिलेलं लुगडं बांधलेलं. मित्र कशाला आले, असं मी मोठेपणी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "एकट्याक धीर नव्हतो."

आत्या अंगण सारवत होती. तिने हात तसेच शेणाचे ठेवून विचारलं, "दादा, तू खंयसून इलंस?" बाबा म्हणाले, "सायकलीन." विचारलं होतं काय आणि सांगितलं काय. दोघं रडत होती. मित्र दोघेही सायकली घेऊन विहिरीपाशी जाऊन उभे राहिले, बराच वेळ. मला ते उभे राहणंच जास्त आठवतं.

आता आरोंदा-किरणपाणी पूल आहे. नातू पोटरी दुखेपर्यंत त्यावरून ये-जा करतो.

रत्नागिरी, औषधांचं दुकान

आम्ही सहा जण नेपाळला गेलो. सुनौलीहून पोखरा, सिद्धार्थ राजमार्गाने. वर्षभर दर रविवारी साखरप्याहून आंबा घाट चढायचो, म्हणून पायांची भीती नव्हती. सायकली गोरखपूरपर्यंत रेल्वेने पार्सलमध्ये टाकल्या. हँडल वळवलेलं, पेडल काढून ठेवलेली, वर गोणपाट. एका सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकूनच उतरला. तो सरळ करण्यात एक दिवस गेला.

सुनौलीच्या कमानीखालून सायकल ढकलत गेलो. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र जवळ होतं, सायकलींना कोणी काही विचारलं नाही. पैशाचा हिशोब सोपा, शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. दुकानदार विचारतो, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. मोठ्या नोटा त्या वेळी चालत नव्हत्या, शंभराच्या गड्ड्या रत्नागिरीतूनच नेल्या होत्या.

पाट्या देवनागरीत, त्यामुळे परकं वाटत नाही. रस्त्याला बाटो. पोह्यांना चिउरा. चढ म्हणजे उकालो, उतार म्हणजे ओरालो. बुटवल सोडल्यावर आम्ही प्रत्येक चहावाल्याला "ओरालो?" विचारायचो आणि तो हसून "उकालो" म्हणायचा. तानसेन साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. आंबा घाटाच्या जवळपास दुप्पट उंची, आणि आदल्या दिवशी आपण जवळजवळ समुद्रसपाटीला होतो. दालभात मात्र पोटभर, ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढतात.

आता जे लिहायला बसलो ते. तानसेनला आमच्यातल्या एकाचा गुडघा सुजला. सकाळी तो म्हणाला, "हळू येतो, फार दुखलं तर बस धरीन." रामदीला काली गंडकीवर पूल आहे. तिथे बारापर्यंत वाट पाहायची, असं ठरलं. आम्ही पाच जण बारापर्यंत थांबलो. तो आला नाही. त्याने बस धरली असणार असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, मीसुद्धा. खरं सांगायचं तर समोरचा चढ दिसत होता आणि ऊन वाढत होतं. नेपाळी सिमकार्ड सहा जणांत एकच, ते माझ्याकडे.

तो वालिंगला संध्याकाळी पोचला, अंधार पडताना, सायकल ढकलत. रात्री कोणी बोललं नाही. पुढे पोखऱ्यात फेवा तलावाच्या काठी पहाटे माछापुच्छ्रेवर ऊन आलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बर्फाचा डोंगर पाहत होतो, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वर गुहागरच्या सरांनी खाडीचं लिहिलंय. आम्हीही किनाऱ्यावर तसंच थांबायचो. तिकडे बोट नव्हती, पूल होता, आणि पूल कोणाला अडवत नाही.

हर्णै, सायकल दुरुस्ती

मी लांब गेलेलो नाही, पण जाणाऱ्यांच्या सायकली माझ्या हातून जातात. ओहोटीच्या वेळी पुळण घट्ट असते म्हणून लोक पाण्याच्या कडेने चालवतात. मजा येते हे खरं, पण खारं पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये शिरलं की बेअरिंग गेलंच समजा. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, चेनला तेल द्या. धुवायला प्रेशरचा पाइप वापरू नका, पाणी आत ढकललं जातं. सामान मागे बांधल्यावर मागच्या चाकाचे स्पोक आधी तुटतात. दोन-तीन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या. आणि रत्नागिरीकरांनी लिहिलंय त्यावरून एक सांगतो. गटात पंप एक, पंक्चरचं सामान एक, असं करू नका. शेवटच्या माणसाकडे ते असलंच पाहिजे.

वेंगुर्ला, परिचारिका

आम्ही तिघी, मालवण ते मडगाव. वाटेत विचारणारे "एकट्याच?" म्हणायचे. तिघी असून एकट्या. शिरोड्याला एका काकूने मिठागरं दाखवली, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच, आणि जाताना सोलकढीची बाटली भरून दिली. तिघींपैकी एकीची पाळी दुसऱ्या दिवशी आली. आम्ही अंतर निम्मं केलं, रेडीतच राहिलो. ती दोनदा म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

रत्नागिरी, वीजजोडणीची कामं

रामदीला मागे राहिलेला तो मी. औषधवाल्या मित्राने लिहिण्याआधी मला विचारलं होतं, मी म्हटलं लिही.

मी पुलावर पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर अकरा पन्नास झाले होते. दहा मिनिटं हातात आहेत म्हणून खूश होतो. पूल रिकामा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, आणि मी माझं लावून घेतलं नव्हतं. तिथे बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी आणखी पाच मिनिटं काढली असती तर भेटलो असतो. किंवा मी सुनौलीला काटे फिरवले असते तर.

त्यात पुढचं चाक पंक्चर झालं. ट्यूब होती, पंप पुढे गेलेला. चढावरच्या एका टपरीत बाईने चिउरा आणि दही दिलं, पैसे घेतले नाहीत, स्वतःचा फोन पुढे केला. पण नेपाळी नंबर मी लिहूनच घेतला नव्हता. मग तिचा मुलगा मोटारसायकलवरून कुठूनतरी हातपंप घेऊन आला. हवा भरली, पण गुडघ्यावर जोर देववत नव्हता, म्हणून चढ चालत काढले. राग आला तो ते पुढे गेल्याचा आला नाही. संध्याकाळी वालिंगला पाच जण जेवत बसलेले दिसले आणि एकही जण रस्त्याकडे तोंड करून बसलेला नव्हता, त्याचा आला. हे मी त्यांना दोन वर्षांनी सांगितलं, जयगडच्या जेट्टीवर, बोटीची वाट बघताना. औषधवाला उठला आणि तवसाळच्या बाजूला बघत उभा राहिला. बोट येईपर्यंत तसाच होता.

पंप आता माझ्याकडे असतो.