फिनेस्त्रेच्या घाटानंतर देल तोरो आणि कारापाझ यांनी पाठलाग का केला नाही?

घाटवेडा
2025 च्या जिरो द'इटालियाचा, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, विसावा टप्पा (31 मे, वेरेस ते सेस्त्रिएरे) मी नुकताच पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळेइतकाच बुचकळ्यात पडलो. त्या सकाळी गुलाबी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची) इसाक देल तोरोच्या अंगावर होती, रिचर्ड कारापाझ 43 सेकंदांनी मागे होता आणि सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंदांनी. कोले देल्ले फिनेस्त्रेच्या चढावर येट्स निसटला आणि त्यानंतर हे दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, पुढे होण्याची पाळी एकमेकांवर ढकलत राहिले. अंतिम निकालात येट्स 3 मिनिटे 56 सेकंदांनी पहिला आला. दोघांनी आळीपाळीने जोर लावला असता तर दोघांपैकी एकाच्या हाती तरी जिरो राहिला असता, हे मला घरात बसून कळते, मग त्यांना का कळू नये? शिवाय जर्सी जर एकालाच मिळते, तर आठ जणांचा संघ नेमका कशासाठी?

मागचे_चाक
आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर राखून जाणाऱ्याला तोच वेग बराच स्वस्तात पडतो. आमच्या रविवारच्या गटात समोरून वारा सुटला की पुढे जायची पाळी आलेल्या प्रत्येकाला नेमकी तेव्हाच पाण्याची बाटली आठवते, यातच सगळे आले.

उभ्या चढावर मात्र वेग इतका उतरतो की हा आडोसा फारसा कामाचा राहत नाही. फिनेस्त्रे 18.5 किलोमीटर लांब आहे, सरासरी चढ 9 टक्क्यांहून अधिक आहे आणि वरचा भाग खडीचा आहे. तिथे ज्याने त्याने आपल्याच पायांवर चढायचे. परंतु माथ्यानंतर उतार येतो, मग खोऱ्यातला रस्ता आणि शेवटी सेस्त्रिएरेचा बऱ्यापैकी सौम्य चढ. येट्सच्या व्हिस्मा संघाने नेमके हे ओळखून वाउट व्हान आर्टला आधीच पुढे निसटलेल्या टोळीत धाडले होते. टप्पा जिंकणे हे त्याचे त्या दिवशीचे काम नव्हते (तो मान क्रिस हार्परने मिळवला). मागून येट्स येईपर्यंत थांबायचे आणि मग त्याला वाऱ्यापासून आडोसा देत ओढून न्यायचे, एवढेच काम होते. येट्सची तूट माथ्यावरच भरून निघाली होती, पण फरक पाच मिनिटांवर गेला तो व्हान आर्टच्या पाठीमुळे.

तिसरा_गिअर
कारापाझच्या बाजूने विचार करा. जर्सी दुसऱ्याची आहे, म्हणजे ती राखण्याची जबाबदारीही त्याचीच. आपण पुढे राहून घाम गाळायचा आणि अखेरीस मागे ताज्या पायांनी बसलेल्या देल तोरोने आपल्यालाच मागे टाकायचे, हा व्यवहार त्याला कसा पटावा? देल तोरोचा हिशेब उलट दिशेने तसाच होता: सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी कारापाझ, तेव्हा त्याचे चाक सोडायचे नाही. दोन्ही हिशेब सुटे सुटे पाहिले तर बरोबर आहेत, पण दोघांच्याही वहीत येट्सचे नाव नव्हते.

माझ्या मते अधिक चूक जर्सीवाल्याची आहे, कारण दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस हरून दुसराच राहू शकतो, पहिल्याला मात्र गमावण्यासारखे सगळेच असते. एकवीस वर्षांच्या पोराला बोल लावणे जिवावर येते, तरी हे गणित त्याच्या कानात सांगणारी संघाची मोटार मागे होतीच. जाता जाता एक गंमत: सायमनचा जुळा भाऊ अ‍ॅडम त्या दिवशी देल तोरोच्याच संघात होता.

बार्दोनेक्किया
मी असहमत आहे. कारापाझला इतक्या सहज सोडू नये. हाच डोंगर, 2018 चा जिरो, एकोणिसावा टप्पा. गुलाबी जर्सी तेव्हा येट्सकडे होती आणि त्याचा दम फिनेस्त्रेवरच उखडला. त्या दिवशी तो 38 मिनिटांहून अधिक मागे पडला. क्रिस फ्रूमने याच चढावर हल्ला चढवून उरलेले सुमारे 80 किलोमीटर एकट्याने कापले. मागे ड्युमुलाँ, पिनो आणि पिनोचा सहकारी रायशनबाख यांच्यासोबत आणखी दोघे होते, मिगेल आंखेल लोपेझ आणि कारापाझ. तरुण स्वारांच्या पांढऱ्या जर्सीसाठी या दोघांची आपसात चुरस होती, म्हणून दोघांनीही पाठलागाला हात लावला नाही. ड्युमुलाँने उतारावर रायशनबाखची वाट पाहिली, त्यातही वेळ गेला. फ्रूम तीन मिनिटांनी जिंकला आणि टप्प्यात दुसरा कोण आला असेल? कारापाझ. तेव्हा फुकटात बसून राहणे त्याला फळले होते, म्हणून सात वर्षांनी तेच हत्यार त्याने पुन्हा काढले, असे मला वाटते.

घाटवेडा
सर्वांचे आभार. 2018 चा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. व्हान आर्टचा भाग पुन्हा पाहिला: सेस्त्रिएरेच्या चढावर आपले काम आटोपताच तो बाजूला होतो आणि येट्स एकटा पुढे जातो, हे पहिल्या वेळी माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटले होते. तिसरा_गिअर यांचा मुद्दा पटला, तरी आज रात्री 2018 चा टप्पा लावणार आहे आणि त्यात फ्रूमऐवजी मागच्या पाच जणांवरच नजर ठेवणार आहे.