एसटीचे आकडे निवेदनात वापरायचेत, कितपत धरायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या प्रवासी मंडळातर्फे सकाळी कॉलेजच्या टायमाला एक जादा फेरी मागायचंय. निवेदनाला आकड्यांचा आधार हवा म्हणून राज्याची आर्थिक पाहणी घेऊन बसलोय. ती दरवर्षी मार्चच्या आसपास बजेटच्या तोंडावर येते, त्यात एसटीचे तक्ते असतात, रोजचे सरासरी प्रवासी, धावलेले किलोमीटर, ताफ्यात गाड्या किती वगैरे. पण त्यातलं काय घालावं नि काय नाही हेच ठरेना.

पहिला घोळ वर्षांचा. २०२०-२१ कोविडमध्ये गेलं, २०२१-२२ मध्ये संप झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, मग या दोन वर्षांशी तुलना करून प्रवासी इतके टक्के वाढले म्हटलं तर वाढ प्रचंडच दिसणार ना. म्हणून मी २०१८-१९ शी तुलना करतोय, बरोबर आहे का? त्यातही २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्याकडे आधी वडापने (खासगी जीपने) जाणाऱ्या कितीतरी बायका आता एसटीने जातात. म्हणजे वाढलेल्यांतले नव्याने बाहेर पडलेले किती आणि वडाप सोडून आलेले किती, हे तक्त्यावरून कळत नाही, आणि माझ्या मते सवलतीचा खरा फायदा तिथेच कळेल.

दुसरं, भारमान, म्हणजे सगळ्या अंतरात मिळून गाडीच्या किती टक्के जागा भरल्या ते. सरासरीवर माझा अजिबात विश्वास बसत नाही, हिशोब बघा. ४४ सीटची गाडी, ६० किलोमीटरचा रूट. सकाळी पहिल्या ३० किमीला ६० जण, कॉलेजला सगळे उतरले की पुढे १० जण. येताना पूर्ण रस्ता १० जण. दोन्ही फेऱ्यांचं मिळून भारमान येतं ५१ टक्के! कागदावर निम्मी गाडी रिकामी आणि इकडे १६ पोरं दांड्याला लटकून उभी, शिवाय जी खालीच राहिली ती कुठल्याच आकड्यात नाहीत.

तिसरं पासवाले. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, विद्यार्थ्यांचा पास वेगळा. पोरगं पास दाखवून चढलं की त्याची मोजणी होते कशी? आमची सकाळची गाडी जवळजवळ सगळी पासवाल्यांचीच असते, मोजणी अंदाजाने होत असेल तर आमचा सगळा मुद्दाच कच्चा पडतो.

कोणी एसटीत किंवा सांख्यिकीमध्ये काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
रेल्वेत काय करतात ते सांगते, मी त्या आकड्यांवर काम केलंय. तिथे मासिक पास म्हणजे महिन्याला ५० प्रवास असं गृहीत धरतात, माणूस प्रत्यक्षात किती वेळा चढला ते मोजत नाहीत. घरून काम करणारा आठवड्यातून दोनदाच लोकलने गेला तरी त्याचे ५०च. त्यामुळे 'प्रवासी' असं लिहिलेलं दिसलं की आधी तळटीप वाचा, ते मोजलेत की पासांवरून काढलेत. तळटीपच नसेल तर तो आकडा मुख्य पुरावा म्हणून वापरू नका. २०१८-१९ चं मात्र बरोबर करताय.

प्रतिसाद २
दादा, राज्याच्या सरासरीवरून तुमच्या रूटचं काहीच सिद्ध होत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. तुमच्या रूटचा तिकीट मशीनचा फेरीनिहाय डेटा मागा, ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, कारण काय, आणि भारमान उत्पन्नावरून काढलंय की डोक्यांवरून तेही लेखी विचारा, कारण उत्पन्नावरून असेल तर सवलतवाल्यांचा हिशोब कसा धरला यावर सगळं अवलंबून आहे. एक्सेलमध्येच मागा, नाहीतर झेरॉक्सचा गठ्ठा येईल. आणि एक आठवडा स्टँडवर दोन पोरं वही घेऊन उभी करा, चढले किती, राहिले किती.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. अर्ज सोमवारीच टाकतो. मोजणी परीक्षा नसलेल्या आठवड्यात करू, आणि बाजाराचा दिवस वेगळा लिहू, त्या दिवशी गर्दी निराळीच असते. वहीत अजून कुठले रकाने ठेवू? वेळ, चढले, राहिले, पासवाले किती एवढे सुचलेत.