शेलचं तयार उत्तर द्यावं का? (लॉटच्या फोटोंचं रामायण)

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा वाद घालायलाच काढलाय. आधी प्रकरण सांगतो. (शेल म्हणजे टर्मिनलात टाइप केलेल्या कमांड्स चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्सवर बहुधा बॅश. कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, जशाच्या तशा टर्मिनलात टाकू नका.)

राजापूर तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत. पेट्या भरताना प्रत्येक लॉटचे फोटो काढून ठेवतो. का, तर माल वाशीला पोचल्यावर चार दिवसांनी फोन येतो, 'साका निघाला' (म्हणजे आतला गर खराब), आणि मग तो लॉट कुठल्या तोडणीचा यावर हुज्जत. एक फोन माझा, एक भावाचा, दोन्ही एकाच मॉडेलचे. म्हणजे फोटोंच्या नावांतले आकडेही तेच ते. लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) आहे. दोन्ही फोल्डरांतले फोटो एका फोल्डरात आणायचे होते, म्हणून एका चॅट ग्रुपवर विचारलं.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं: 'मॅन बॅश वाच.' (मॅन म्हणजे मॅन्युअलचं पान दाखवणारी कमांड.) दहा मिनिटांनी दुसऱ्या कोणीतरी फाइंड (फायली शोधणारी) आणि एमव्ही (फायली हलवणारी) यांची एक तयार ओळ दिली. चिकटवली, एंटर मारला. शेल हूं की चूं न करता मोकळं झालं. मी खूश. फोन भरले होते, तिथले फोटो पुसूनही टाकले. मग मोजले. मूळ ३४० होते, उरले २१२. सारख्या नावाचे १२८ फोटो एकमेकांच्या उरावर बसले होते.

माझं म्हणणं एवढंच: नवख्याला तयार ओळ जरूर द्या, पण सोबत 'आधी एमव्ही या शब्दाच्या अगोदर एको लावून चालव, काय होणार ते नुसतं छापून येईल' हे सांगा. दहा शब्द जास्त. तेवढे लिहायचे नसतील तर उत्तरच देऊ नका. आणि 'मॅन वाच' म्हणणाऱ्यांनीही गप्प बसावं.

कातळावरचा

साफ असहमत.

ग्रुपवर उत्तर देणारा माणूस दिवसभराची नोकरी करून फुकट बसलेला असतो. तू फोटो पुसलेस मोजायच्या आधी, हे त्याच्या माथी कसं मारतोस? दोन फोनांत नावं सारखी आहेत हे प्रश्नात लिहिलं होतंस का?

खाडीकाठ

नव्हतं लिहिलं. ते महत्त्वाचं आहे एवढं कळत असतं तर ओळ माझी मीच लिहिली असती. पुसले ती चूक माझीच, कबूल.

कातळावरचा

बघ म्हणजे. एमव्ही समोर असलेल्या फायलीवर न विचारता लिहितं, हे मॅन पानावरच्या पर्यायांवरून कळतं. -आय लावलं तर विचारतं, -एन लावलं तर सोडून देतं. एक पान वाचायचं होतं. वाढलेलं ताट मिळायला लागलं की चूल पेटवायला कोण शिकतंय? वर मीठ कमी म्हणून ओरडायचं.

तिठ्यावरचा मास्तर

तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवतो, म्हणून थोडं लांबण.

'मॅन बॅश वाच' हे उत्तर चुकीचं आहे, उद्धट आहे म्हणून नव्हे, तर त्याने काम होत नाही म्हणून. ते एकच पान आहे आणि ते वाचत बसलात तर सकाळची संध्याकाळ होते. मुलं 'मॅन इफ' टाकतात, काहीच निघत नाही. कारण इफ, सीडी, रीड हे बॅशच्या पोटातले शब्द, त्यांच्यासाठी 'हेल्प इफ', 'हेल्प रीड' असं विचारायचं असतं. हे एक वाक्य कोणी सांगत नाही आणि पोरं समजतात की मॅन्युअल आपल्यासाठी नाहीच.

पण कातळावरच्यांची अर्धी बाजू मी घेतो. दरवर्षी पहिल्या आठवड्यात वर्गात तेच दोन खड्डे. एक, व्हेरिएबलला (म्हणजे नाव देऊन साठवलेल्या गोष्टीला) किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडणं. गणितात सोडतो, शोभून दिसतं. शेलला वाटतं की पहिला शब्द ही कमांड आहे, आणि ते म्हणतं, 'कमांड सापडली नाही.' दोन, अट तपासताना चौकोनी कंसाला चिकटून लिहिणं. तिथे उलट, जागा सोडलीच पाहिजे, कारण तो उघडणारा कंस हीच एक कमांड आहे! हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आता मी नुसती दुरुस्त ओळ दिली तर पुढच्या ओळीत तोच खड्डा. म्हणून मी ओळ देतो आणि विचारतो: एंटर मारायच्या आधी सांग, काय छापून येईल? चुकीचं सांगितलं तरी चालेल, पण सांग. चॅटवरही हे जमतं, फक्त दोन्हीकडून धीर लागतो.

जुनाखलाशी

रुमाल टाकून ठेवत होतो, पण आता लिहितोच.

मी आयआरसीवर वाढलेला. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने ती चॅट काढली आणि बॅश आलं १९८९ मध्ये, ब्रायन फॉक्सचं. म्हणजे ही दोघं जवळजवळ एका वयाची. तिथला पहिला नियम: 'एक विचारू का?' असं विचारायचं नाही, सरळ प्रश्न टाकायचा. दुसरा: जे टाइप केलं ते आणि जे उत्तर आलं ते, अक्षर न बदलता चिकटवायचं. 'एरर येतेय' म्हणजे डॉक्टरला फोनवर 'दुखतंय' म्हणण्यासारखं.

लोक त्या चॅनेलांना खडूस म्हणतात. असतीलही. पण खडूसपणा का, ते बघा. २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपच्या लिनक्स आवृत्तीतल्या स्क्रिप्टने (कमांड्स लिहिलेल्या फायलीने) काही जणांच्या फायली उडवल्याचं उघड झालं. एका व्हेरिएबलमध्ये स्टीमचा फोल्डर धरायचा आणि त्याच्यापुढे तिरकी रेघ आणि तारा लावून आरएम -आरएफ (न विचारता आतलं सगळं पुसणारी कमांड), अशी ती ओळ. फोल्डर हलवलेला असला की व्हेरिएबल रिकामं राहायचं. मग मागे उरलं काय? नुसती तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळं. अवतरणचिन्हंसुद्धा बरोबर होती! आणि लिहिणाऱ्याने तिथेच शेरा मारून ठेवला होता, 'भीतीदायक!' म्हणून. त्याला कळत होतं, तरी सोडून दिलं. एखाद्या खडूसाने आधी अडवलं असतं तर एका अपूर्णविरामाचं आणि प्रश्नचिन्हाचं काम होतं: व्हेरिएबल रिकामं असेल तर स्क्रिप्ट जागीच थांबते.

धागाकर्त्याला एक बारीक गंमत. ती ओळ प्रत्येक फायलीसाठी वेगळं एमव्ही चालवणारी असणार. सगळ्या फायली एकाच एमव्हीला एकदम दिल्या असत्या तर जीएनयूच्या (लिनक्सवर बहुधा असतं त्या) एमव्हीने 'आत्ताच आणलेल्या फायलीवर लिहिणार नाही' म्हणून नकार दिला असता. म्हणजे ओळ देणाऱ्याचीही चूक आहेच. फक्त तो मदतीला आला होता, हे विसरू नका.

गडग्यावरची रेंज

मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. तुम्ही सगळे उत्तर कसं द्यावं यावर भांडताय. माझा मुद्दा वेगळा: चॅट ही जागाच चुकीची आहे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमची लाईट जाते. रेंज घरात नाही, मागच्या गडग्यावर चढलं की दोन काड्या येतात. मी तिथून प्रश्न टाकायचा, खाली यायचं, कमांड चालवायची, परत वर. तोवर ग्रुपात ऐंशी मेसेज होऊन गेलेले, कोणीतरी 'सुप्रभात'चं फूल टाकलेलं, आणि माझं उत्तर त्यात बुडालेलं.

वर लॅपटॉपला नेट नाही म्हणून स्क्रीनचा फोटो टाकला, तर हसले. 'स्क्रीनशॉट म्हणजे काय माहीत आहे का ताई?' माहीत आहे हो. तो फोनवर आणायचा कसा, ते सांगा.

नंतर मला जे हवं होतं ते निघालं एका ओळीचं. स्क्रिप्ट मी ऑफिसातल्या विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहिली होती, लिनक्सवर 'बॅड इंटरप्रीटर' म्हणायची. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर ठेवतं, ते पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला चिकटतं, आणि त्या नावाचा प्रोग्रॅम अर्थातच कुठे नसतो. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं! मी तीन संध्याकाळी त्या फायलीकडे बघत बसले होते. असं उत्तर कुठेतरी मराठीत लिहून ठेवलेलं हवं, वाहून जाणाऱ्या गप्पांत नको.

कातळावरचा

ताईंशी सहमत, चक्क. हसणाऱ्यांचं समर्थन नाही.

मालवणी गजाल

झिला, तुमची गजाल वाचून हसाक येता. माझो झील पुण्याक असता, तेका इचारलंय तर म्हणता, 'बाबा, शोधा नेटवर.' म्हणान मी ग्रुपात इचारतंय. थंय निदान कोनतरी 'काय झाला काका' म्हणता. माका शिकाचा नाय, माका माझ्या होडीच्या डिझेलचो हिशोब होयो. सगळ्यांनी मास्तर होवक कित्याक होया?

तिठ्यावरचा मास्तर

काका, हा मुद्दा बिनतोड आहे. मासे हवे असलेल्या प्रत्येकाला जाळं विणायला बसवू नये, मान्य.

रात्रपाळी

२०२०च्या दशकात हा वादच कशाला? चॅटबॉटला विचारा, मराठीत सांगतो, खडूस नाही, रेंज मिळेल तेव्हा उत्तर तिथेच असतं.

जुनाखलाशी

परवा मुद्दाम विचारून पाहिलं, 'दोन फोल्डरांतले फोटो एकात आणायची कमांड दे.' दिली. एमव्हीची. तीच. दोन्हीकडे नावं सारखी आहेत का, हे विचारलं नाही. मी तेवढं वाक्य जोडल्यावर मात्र लगेच -एन आलं. म्हणजे धागाकर्त्याची अडचण जिथे होती तिथेच. जे सांगायचं असतं हेच माहीत नाही, ते सांगणार कसं? चांगला माणूस उलट विचारतो: बाबा, तुला नक्की करायचंय काय?

यंत्राचीच मदत हवी तर शेलचेक वापरा. स्क्रिप्ट दिली की चुका दाखवतं, प्रत्येक चुकीला क्रमांक आणि त्या क्रमांकाचं स्पष्टीकरणाचं पान. एससी२०८६ म्हणजे व्हेरिएबलला अवतरणचिन्हं नाहीत. 'पेटी ४' असं मध्ये जागा असलेलं नाव त्याशिवाय दोन तुकडे होऊन जातं आणि शेल 'पेटी' आणि '४' अशा दोन फायली शोधत बसतं.

तिठ्यावरचा मास्तर

अवांतर, पण मराठीत लिहून ठेवायचा विषय निघालाच आहे म्हणून: 'आंबा' हा शब्द एकोने डब्ल्यूसी -सी (बाइट्स मोजणारी कमांड) कडे पाठवा. किती येतात? १३. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये आ, अनुस्वार, ब आणि काना असे चार तुकडे, प्रत्येकी ३ बाइट्स, वर ओळ संपल्याचा एक. पोरांना वाटतं मशीन बिघडलं. -सी च्या जागी -एम (अक्षरं मोजणारं) दिलं की ५ येतात. इंग्रजी उदाहरणांत हा प्रश्न कधी उपटतच नाही, त्यामुळे इंग्रजी ग्रुपवर तो विचारला तर समोरच्यालाही पटकन कळत नाही.

गडग्यावरची रेंज

हे असंच. हे मला हवं होतं.

कातळावरचा

बरं, धागाकर्त्या. माझं मत बदललेलं नाही. पण ओळ देतो, कारणासकट. एमव्ही वापरूच नकोस, सीपी (नक्कल करणारी कमांड) वापर, मूळ फोटो जागच्या जागी राहतील. नवीन नावाच्या पुढे फोल्डरचं नाव जोड: तुझे 'मी' ने सुरू, भावाचे 'भाऊ' ने. मग आकडे सारखे असले तरी नावं वेगळी. व्हेरिएबल दुहेरी अवतरणांत, आणि सीपीला -एन. -एन सोडून दिलेल्या फायलीबद्दल ओरडेलच असं नाही, म्हणून दोन्हीकडच्या फायली मोजून ताळा कर. ओळ व्यनित (खाजगी निरोपात) टाकलीय. आणि हो, आधी एको लावून.

खाडीकाठ

एको लावून चालवलं. या आठवड्याचे ९६ आहेत, ९६ ओळी छापून आल्या, दोनदा वाचल्या. मग एको काढून सीपी. नव्या फोल्डरात ९६. जुन्या दोन्ही मिळून ९६.

गेलेल्या १२८ पैकी काही भावाने वाशीच्या दलालाला आधीच पाठवलेले होते, त्याच्याकडून मागवतोय. म्हणजे पुरावा आता ज्याच्याशी हुज्जत आहे त्याच्याच फोनात.

व्यनितल्या ओळीत शेवटी दोन उभ्या रेघा आणि मग एक्झिट १ का आहे, ते कळलं नाही. उद्या विचारतो, ढग आलेत आणि लॅपटॉपला १४ टक्केच उरलेत.

कातळावरचा

आधी 'हेल्प एक्झिट' वाच. मग विचार.