मदत हवी आहे : स्कूटीच्या लायसन्सवर बाईक चढवायची आहे, अर्ज अडकलाय (इंदूर)

रामबागवाली :
चार दिवस झाले, डोकं उठलंय. माझ्याकडे स्कूटीचं पक्कं लायसन्स आहे, त्यावर गिअरची बाईक चढवायची आहे. सारथीवर (लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर) अर्ज भरला, फोटो-सही सगळं टाकलं, तरी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. मी ठणठणीत आहे. भाच्याने गेल्याच महिन्यात हेच केलं, त्याला कुणी डॉक्टर-बिक्टर विचारला नाही. एक एजंट म्हणतो साडेचार हजार द्या, सगळं होऊन जाईल. शनिवारी सुट्टी आहे, त्याआधी सांगा. आणि "लायसन्स आहेच ना, चालव की" हे सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

भियाराम :
लायसन्स आहेच ना ताई, चालवा की. इंदुरात कोण बघतं.

हाफक्लच :
वर काय लिहिलंय ते वाचलं का भिया? गिअरविना आणि गिअरसह हे दोन वेगळे वर्ग आहेत. गिअरविनावाल्याने बाईक चालवली तर कायद्याच्या लेखी विनालायसन्सच. कलम १८१, दंड ५००० रुपये. आणि दंड परवडला, अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सवरचा वर्गच बघते.

पेन्शनर_चेतक :
आमच्या वेळी ही भानगडच नव्हती. स्कूटर म्हणजे गिअरचीच. चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत, क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ फिरवायची. आम्ही लायसन्स काढलं ते आपोआप मोटारसायकलचंही झालं. कायद्यात स्कूटर ही मोटारसायकलच आहे. तुमचं लायसन्स नीट बघा, गिअर असेलच त्यावर. बाईक कुठली आहे?

रामबागवाली :
काका, बघितलं. विदाऊट गिअर लिहिलंय. टेस्ट ॲक्टिव्हावर दिली होती. बाईक बाबांची स्प्लेंडर आहे. त्यांनी चालवणं सोडलंय, दोन वर्षं दारात कव्हर घालून उभी आहे.

सुदामानगरचा :
बिनगिअरच्या स्कूटरवरून आठवलं, कायनेटिक होंडा आपल्या पिथमपूरची. १९८४ साली आली तेव्हा बटण दाबून सुरू होणारी स्कूटर बघायला लोक थांबायचे. माझ्या आत्याकडे होती. किक मारायला लागत नाही यावर आजोबांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

पेन्शनर_चेतक :
स्प्लेंडर कुठल्या सालची? विकायची आहे का?

वीजवाला :
ताई, बाईक हवीच कशाला? ताशी २५ किमीच्या आत आणि २५० वॉटपर्यंतची इलेक्ट्रिक घ्या. लायसन्सच लागत नाही.

हाफक्लच :
लायसन्स असलेल्या बाईला बिनलायसन्सची गाडी सुचवतोयस. धन्य.

रामबागवाली :
अहो, डॉक्टरचं सांगा कुणीतरी! तब्येतीचं डिक्लेरेशन मी भरलंय, सगळीकडे "नाही, नाही" टिक केलंय. तरी मागतंय. कालपण भाच्याच्या पल्सरवर सुपर कॉरिडॉरला तासभर चालवून आले, काही झालं नाही मला. दोनदा बंद पडली, तेवढंच.

गिअरवाली :
थांबा थांबा. लर्निंग निघालं का?

रामबागवाली :
अर्जच अडकलाय म्हटलं ना. लर्निंग कुठून निघणार?

गिअरवाली :
मग कालचा तो तास विसरा आणि पुन्हा करू नका. पक्कं लायसन्स असलं तरी नव्या वर्गासाठी लर्निंग आधी लागतं. ते हातात आलं, पुढे-मागे लाल "एल" लावला, की मग सराव. मागे कुणी बसवायचं तर त्या वर्गाचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणाराच, मैत्रीण नाही.
दुसरं, पल्सरवर शिकून स्प्लेंडरवर बसाल तर पाय गोंधळेल. पल्सरचा पहिला गिअर खाली, बाकीचे पंजाने वर उचलायचे. स्प्लेंडरचे चारही पंजाने पुढे दाबायचे, कमी करायचे ते टाचेने. माझ्या नवऱ्याने पल्सरच्या सवयीने स्प्लेंडरवर दुसरा टाकायला पाय वर उचलला आणि भर चौकात न्यूट्रलमध्ये उभा राहिला. मागून हॉर्न, आणि हा मूठ पिळतोय.

भियाराम :
मग पल्सरवरच टेस्ट द्या. नवीन गाड्या बऱ्याचशा तशाच.

पेन्शनर_चेतक :
नवीन-जुनं काय, आमच्या एका मित्राच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. त्यावर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर ब्रेक म्हणून गिअर दाबायचा.

गिअरवाली :
जी दारात उभी आहे तिच्यावरच शिका आणि तिच्यावरच टेस्ट द्या. फक्त आरसी, विमा, पीयूसी चालू हवं. दोन वर्षं उभी असेल तर विमा संपलाच असेल, बघा.

हाफक्लच :
ताई, राग मानू नका. वय किती?

रामबागवाली :
त्याचा इथे काय संबंध?

हाफक्लच :
भाच्याला मागितलं नाही, तुम्हाला मागितलं, म्हणून विचारतोय. चाळीस झाली का?

रामबागवाली :
मार्चमध्ये ४३.

हाफक्लच :
मग झालं की! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. चाळिशी ओलांडली की फॉर्म १, म्हणजे तुम्ही भरलेलं तब्येतीचं डिक्लेरेशन, पुरत नाही, सोबत फॉर्म १ए लागतो, तो नोंदणीकृत डॉक्टर भरून देतो. नजर बघतात, रंग ओळखता येतात का, हात-पाय नीट हलतात का. तुमच्या तब्येतीवर कुणाचा संशय नाही. चष्मा असेल तर घालून जा.
एजंटचं गणित : केंद्राच्या नियमात लर्निंगचे १५०, टेस्टचे ३००, वर्ग वाढवण्याचे ५००. राज्याचं थोडं वर धरा. साडेचार हजार कशाचे ते त्यालाच विचारा.

सुदामानगरचा :
आणि शनिवारी लर्निंग निघालं म्हणून रविवारी टेस्टची तारीख शोधू नका. लर्निंगपासून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट नाही. लर्निंग सहा महिने चालतं, घाई नको. मी एकतिसाव्या दिवशीच नायता मुंडल्याला आरटीओत गेलो होतो आणि टेस्टला गाडी आठच्या आकड्यात फिरवायची असते, त्या आठात पाय टेकवून परत आलो.

रामबागवाली :
आठात पाय का टेकला?

सुदामानगरचा :
वळणात पुढचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा दाबला की गाडी जागीच कलते, मग पाय टेकवावाच लागतो. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा आणि नजर पुढच्या वळणावर. चाकाकडे बघितलंत की गेलात. स्कूटरवाल्यांचं होतं असं, की डाव्या हाताला मागच्या ब्रेकची सवय असते. अडचणीत डावी मूठ आवळतात, ब्रेक समजून क्लच दाबला जातो आणि गाडी मोकळी पळते.

रामबागवाली :
काल हेच झालं! मला वाटलं पल्सरचे ब्रेकच गेले. भाचा मागे पळत होता.

गिअरवाली :
म्हणूनच म्हटलं लर्निंगआधी नको.

रामबागवाली :
(शनिवार, संध्याकाळ) आमच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत भरून दिला. "बाईक? या वयात?" म्हणाले, पण सही केली. अर्ज पुढे गेला. विमा खरंच संपलेला निघाला, आजच केला. बॅटरी उतरली होती, पण किकने सहाव्यांदा सुरू झाली. बाबा ओट्यावर येऊन उभे राहिले आणि चोक पूर्ण बंद कर म्हणून ओरडले. सगळ्यांचे आभार.

पेन्शनर_चेतक :
उत्तम. साल राहिलं सांगायचं.

रामबागवाली :
काका, विकायची नाही.