शब्दचर्चा: टोळीवाल्यांच्या 'फॅमिली'ला मराठीत काय लिहायचं?

टिळकवाडीचा_बाब्या:
मंडळी एक अडचण आलीय. न्यूयॉर्कच्या इटालियन टोळ्यांवरची एक सिरीज आहे, एकाच घरातली तीन पिढ्यांची कथा, तिचे मराठी सबटायटल करायलोय. काम मुंबईचं, मी बसलोय इथं बेळगावात. सगळा घोळ 'फॅमिली' ह्या एका शब्दानं घातलाय. त्यांच्यात फॅमिली म्हणजे बायकापोरं पण आणि टोळी पण, आणि लिहिणाऱ्यानं सगळी मजा ह्या दोन्हीच्या मधेच ठेवलीय, म्हणजे माणूस जेवताना फॅमिली म्हणतो तेव्हा बायकोला एक ऐकू येतं आणि शेजारी बसलेल्या मेव्हण्याला दुसरंच. मी 'कुटुंब' लिहिलं, आणि त्यांच्या बॉसला 'कुटुंबप्रमुख'. तपासणाऱ्यानं परत पाठवलं, शेरा काय तर रेशनकार्ड वाटतंय. वर आणि एका ठिकाणी मी 'रौडी' लिहिलंय तर म्हणे हा शब्द मराठी नाही. रौडी मराठी नाही? आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला पण कळतोय. असो, फॅमिलीला काय लिहू तेवढं सांगा, शनिवारी द्यायचंय.

शहापूरची_सून:
'टोळी' लिहा. दोन अक्षरं, सगळ्यांना कळणारी. आणि रौडी इंग्रजीच आहे हो, त्यात रागावण्यासारखं काय? आपल्याकडे गुंड आहे, पुंड आहे, मवाली आहे. (माहेर पुणे, सासर शहापूर, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे, बोला.)

लोंढा_पॅसेंजर:
वहिनी, मवाली अरबीतनं आलाय. तो चालतो आणि रौडी चालत नाही, का, तर तो तुमच्या पुण्याहून आला म्हणून?

आणि बाब्या, कुटुंब तर अजिबात नको. आमचा आजा जन्मात बायकोचं नाव घेतला नाही, 'आमचं कुटुंब माहेराला गेलंय' असं म्हणायचा. आता तुझा तो डॉन म्हणणार, माझ्या कुटुंबाकडं वाकडी नजर केलास तर मुडदा पाडीन. खानापूर तालुक्यात ह्याचा एकच अर्थ निघतो.

कोगनोळी_नाका:
रौडीबद्दल बोलतो कारण रोज दोन्हीकडं जाणं-येणं आहे. कागलच्या बाजूला पोलीस म्हणतात 'रेकॉर्डवरचा गुन्हेगार', पेपरात 'सराईत'. नाका ओलांडून निपाणीत आलं की तोच माणूस 'रौडी शीटर'. स्टेशनात त्याच्या नावानं शीट उघडलेली असते, निवडणूक आली सण आले की सगळ्यांना बोलावून रौडी परेड. हा आता कर्नाटक पोलिसांचा शब्द आहे, इंग्रजीचा राहिलेला नाही. इंग्रजीत रौडी म्हणजे फार तर दंगा करणारा, आमच्यात रौडी म्हणजे ज्याची फाईल आहे तो. गुंड लिहिलात तर फाईल गेली ना त्याची.

शहापूरची_सून:
पण न्यूयॉर्कमधल्या माणसाची निपाणी पोलीस ठाण्यात फाईल कशाला असेल?

कोगनोळी_नाका:
हे मात्र बरोबर बोललात.

तंबोरा_धारवाडी:
टोळी नको, कुटुंब नको, 'घराणं' लिहा. हसू नका, नीट वाचा. न्यूयॉर्कमध्ये ज्यांना फाईव्ह फॅमिलीज म्हणतात, गॅम्बिनो, जेनोव्हेसे, लुकेझे, बोनानो, कोलंबो, ती रक्ताची कुटुंबं नव्हेतच. नाव जुन्या एखाद्या बॉसचं, पुढं चालवणारा कोणीही. कार्लो गॅम्बिनो १९७६ ला वारला, मग पॉल कॅस्टेलानो गादीवर बसला, १९८५ च्या डिसेंबरात त्याला मॅनहॅटनमध्ये एका हॉटेलच्या दारात गोळ्या घातल्या, मग आला जॉन गॉटी. गॉटीचं गॅम्बिनोंशी नातं कसलं? काही नाही. तरी नाव गॅम्बिनोच. आता आपल्याकडं गाण्यात बघा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ ला गेले, त्यांचं घराणं पुढं नेलं कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी, त्यांच्याकडनं गंगूबाई, भीमसेन. रक्ताचं काय संबंध नाही, गाव पण वेगळी, भाषा वेगळी, तरी घराणं किराणा. मूळ नाव धरून शिष्याकडनं शिष्याकडं जाणारी गोष्ट, ह्याला मराठीत दुसरा शब्दच नाही. टोळी फुटते, संपते. घराणं चालतं. आणि त्यांच्यात नवीन माणसाला बोट टोचून, हातात संताचं चित्र जाळून शपथ देतात, त्यानंतर तो पक्का आतला होतो, त्याला आपण काय म्हणू? गंडाबंधन, गुरू शिष्याला दोरा बांधून आपला करतो ते. 'गंडा बांधलेला माणूस' लिहा खुशाल, बसतंय.

शहापूरची_सून:
गंगूबाई हानगल आणि गॉटी एका वाक्यात. धन्य. उद्या कोणी 'पाच घराणी' असं सबटायटल वाचलं तर पहिल्यांदा पेटी-तबला शोधेल.

लोंढा_पॅसेंजर:
आणि 'गंडा बांधला' लिहिलास तर निम्मे लोक 'गंडा घातला' वाचणार. तसं बघितलं तर दोन्ही खरंच हाय म्हणा.

टिळकवाडीचा_बाब्या:
तंबोराजी तुमचं पटतंय पण जेवणाच्या टेबलावर चालत नाही हो. बायको म्हणणार, 'घराण्यासाठी कधी वेळ काढणार आहात?' सरदारांच्या वाड्यातली सिरीयल वाटायला लागते.

काळा_कोट:
कायद्याच्या बाजूनं. महाराष्ट्रात मकोका १९९९ चा, त्यावरनं कर्नाटकानं २००० साली आपला केला, इथं त्याला कोका म्हणतात, कोर्टात नवीन माणूस ऐकला की त्याला वाटतं थंड पेयाची केस आहे. नव्या न्याय संहितेत कलम १११. सगळीकडं मराठीत 'संघटित गुन्हेगारी' आणि 'टोळी'. कुटुंब कुठंच नाही, कारण कायद्याला नात्याशी देणंघेणं नसतं, मिळून धंदा करता की नाही एवढंच बघायचं. अमेरिकेत १९७० साली रिको कायदा आला त्यातही तसंच. पण इटलीनं वेगळं केलं, १९८२ साली दंडसंहितेत ४१६ ला पोटकलम घालून चक्क 'माफिया' हा शब्दच कायद्यात लिहिला. म्हणजे लोकांच्या तोंडचा शब्द कायद्यानं घेतला. तेव्हा वहिनी, शुद्ध अशुद्ध असं काय नसतंय, वापरात आला की कोर्टसुद्धा घेतं.

कॅम्पवाला:
माफियावरनं सांगतो. 'द गॉडफादर' १९७२ चा पिक्चर, सगळ्या जगाला माफिया शिकवला म्हणतात, पण अख्ख्या पिक्चरमध्ये माफिया हा शब्द एकदाही नाही! न्यूयॉर्कात इटालियन लोकांची एक हक्क संघटना होती, आमची बदनामी होते म्हणून मोर्चे काढायची, ती उभी केली होती जोसेफ कोलंबोनं, म्हणजे वर तंबोरा सरांनी पाच नावं दिलीत त्यातल्या शेवटच्याचा खुद्द प्रमुख. निर्माता अल रडी त्याला भेटला, शब्द काढतो म्हणून कबूल झाला, तसाही स्क्रिप्टात जेमतेमच होता, आणि शूटिंग सुरळीत पार पडलं. कोलंबोला मात्र १९७१ च्या जूनमध्ये त्याच संघटनेच्या सभेत गोळी लागली. तर मुद्दा असा की शब्द काढूनही पिक्चर चालतो. 'फॅमिली'ला काहीच लिहू नको, 'आपली माणसं' लिही. कोझा नोस्त्रा म्हणजे तरी काय, 'आपलं ते'. १९६३ मध्ये जो व्हलाची नावाच्या त्यांच्यातल्याच माणसानं अमेरिकेच्या सिनेटपुढं साक्ष दिली तेव्हा लोकांना हा शब्द कळला.

आणि गॉडफादरला कोणी धर्मपिता लिहू नका, प्लीज. आमच्या कॅम्पात बाप्तिस्म्याला पोराला धरतो तो 'पाद्रीन', गोव्याकडनं आलेला शब्द, पोर्तुगीजांचा. इटालियन लोकांचा 'पाद्रिनो' आणि आमचा पाद्रीन सख्खे भाऊ. माझा पाद्रीन रेल्वेत होता, दर नाताळाला शर्टाचं कापड द्यायचा.

टिळकवाडीचा_बाब्या:
'आपली माणसं' छान आहे. पण 'बॉस ऑफ द फॅमिली'? 'आपल्या माणसांचा बॉस'? दोन ओळीत बसायला पाहिजे सगळं.

शहापूरची_सून:
म्होरक्या. सुंदर मराठी शब्द, कोणी वापरत नाही.

लोंढा_पॅसेंजर:
म्होरक्या बैलाचा असतो, म्होरं चालतो तो. हा तर मागं बसून ऑर्डर देतो.

अक्काचा_मळा:
मी हुक्केरीची, उशिरा आलो चर्चेत. बाब्यादादा तुमचा घोळ फॅमिलीवर आहे पण खरा घोळ 'कझिन'वर होणार बघा. वर तो कॅस्टेलानो आला ना, तो गॅम्बिनोचा नुसता कझिन नव्हता. गॅम्बिनोची आई कॅस्टेलानोंच्या घरातली, आणि गॅम्बिनोनं लग्न केलं ते पॉलच्या बहिणीशी. म्हणजे सरळ मामाची पोर केली त्यानं! पॉल हा आधी मामेभाऊ, मग मेव्हणा. इंग्रजी लेखक कझिन लिहून मोकळा होतो, तुम्ही चुलतभाऊ लिहिलात तर सगळं नातं मोडलं, कारण चुलतभावाच्या बहिणीशी आपल्यात लग्न होतंय व्हय? मामाची पोर म्हटलं की आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. गादी मेव्हण्याला का दिली ते पण लगेच कळतं, घरात भांडण कुठनं आलं ते पण.

आणि फॅमिलीला 'भावकी' लिहा. जेवायला एकत्र, बांधावर एकमेकांच्या डोक्यात काठी. आणखी काय पाहिजे.

टिळकवाडीचा_बाब्या:
भावकी! अक्का हे लई जवळ जातंय. बघतो घालून.

तंबोरा_धारवाडी:
भावकी एकाच आडनावाची असते हो. त्यात मेव्हणा कुठं येतो, तो पाहुणा. तुम्हीच वर मेव्हण्याला गादीवर बसवलंत.

अक्काचा_मळा:
आमच्यात मेव्हणेच सगळं बघतात सर, कागदावर भावकी असते.

काळा_कोट:
गुंड शब्दावर कोणी बोललं नाही. हा मला कानडी वाटतो. गुंडु म्हणजे गोल, गोळा, बंदुकीची गोळी पण गुंडु. गोळीसारखा अंगावर येतो तो गुंडा. इथला १९८५ चा कायदा पण गुंडा ॲक्ट म्हणूनच ओळखतात.

शहापूरची_सून:
गोल म्हणजे गुंड? मग गुंडी पण गुन्हेगार? आणि ज्या घरांत गुंडू, गुंडोपंत नावं ठेवतात त्यांनी काय बारशाला पिस्तूल वाटलं?

लोंढा_पॅसेंजर:
आमच्यात दर तीन घराआड एक गुंडू हाय, सगळी गरीब माणसं. कन्नडमधले मोठे कवी डी. व्ही. गुंडप्पा, त्यांच्या हातनं मुंगी मेली नसंल. गोल गरगरीत पोर झालं की गुंडू, तेवढंच आहे ते. तुमचा गुंड वेगळा, ह्याचा गुंडू वेगळा.

काळा_कोट:
वेगळा कसा, मूळ एकच असणार.

कोगनोळी_नाका:
कानडीनं आपल्याकडनं काय घेतलं ते पण सांगा की. पैसे घेऊन खून करायच्या कामाला कन्नड पेपरवाले 'सुपारी' म्हणतात, आता त्यांच्यात सुपारीला शब्द आहे अडिके, लग्नात देवळात सगळीकडं अडिके, पण खून म्हटलं की सुपारी. आणि आपण काय केलं, सुपारी ठेवली आणि ती फोडायचा अडकित्ता त्यांच्याकडनं आणला. बॅंडवाले सुपारी घेतात, नाटकवाले घेतात, बाब्या तुझ्या इटालियन लोकांना पण सुपारीच घ्यायला लाव.

टिळकवाडीचा_बाब्या:
सुपारी लिहिलीय, ती पास झाली. फॅमिलीचं सांगा हो कोणीतरी, आज शुक्रवार.

काळा_कोट:
सुपारीपेक्षा मोठी गंमत तडीपारची आहे. महाराष्ट्रात तडीपार, इकडं कन्नडमध्ये गडीपारु. गडी म्हणजे सीमा. आमच्याकडं एक पुण्याचे पाहुणे आले होते, पेपरवाला पोरगा ओरडत गेला 'गडीपार झाला' तर त्यांनी विचारलं, कुणाचा गडी पळाला?

शहापूरची_सून:
तडीपार मराठीच. तड म्हणजे काठ, संस्कृत तट. नदीच्या पलीकडे हाकलायचा.

तंबोरा_धारवाडी:
कन्नडमध्ये पण तडि म्हणजे काठच. तेव्हा तडीपार हा तुमचाच कशावरून? आम्ही तडि दिली, तुम्ही पार लावलात.

शहापूरची_सून:
आणि गडीपारुमधला पार कोणी लावला मग? तो कानडीत आभाळातून पडला?

लोंढा_पॅसेंजर:
हद्दपार म्हणा की सगळे, हद्द अरबी हाय, दोघांची भांडणं मिटली.

काळा_कोट:
मिटत नाही. ऑर्डरवर काय शब्द आहे त्यावर ठरतं, आणि इथं ऑर्डर कन्नडमध्ये येते, भाषांतर मागायला लागतं, मग त्या भाषांतरात माणूस तडीपार होतो का हद्दपार होतो हे टायपिस्टवर.

तंबोरा_धारवाडी:
वहिनी, तड मराठी म्हणताय तर 'तडजोड' मधला तड कुठला ते सांगा आधी. दोन काठ जोडायचे? का तोडजोडचं तडजोड झालं?

शहापूरची_सून:
तोडजोड असणार. मोल्सवर्थचा शब्दकोश माळ्यावर आहे, सासरे झोपलेत, उद्या काढून बघते.